चौथ्या भेटीला जाता येईल असा माणूस

उदगीरमध्ये एखाद्याची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, जेवणावरची वासना गेली, की तो पहिल्यांदा मेडिकलवर जातो. तिथं गॅसची गोळी मिळते. तेवढ्यानं भागलं नाही तर घरचे नेहमीचे डॉक्टर, एखादं सलाईन, मग लातूरला जाऊन ईसीजी, टू-डी इको, रक्ताच्या तपासण्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. रिपोर्टमध्ये काही नाही तर हा माणूस असा का झाला, हे कोडं घरात तसंच राहतं. मधल्या काळात कुणी देवस्थानाला नेऊन आणतं, कुणी दर्ग्यावर, कुणी धागा बांधतं. असं सहा महिने, वर्ष निघून जातं. शेवटी कुणीतरी आवाज खाली करून सांगतं, 'डोक्याच्या डॉक्टरला दाखवा की एकदा.'

हा लेख त्या वाक्याच्या पुढचा आहे. दाखवायचं ठरलं, पण कुणाला?

आपल्याकडे सवयीनं पुढचा प्रश्न येतो, 'सगळ्यात मोठा डॉक्टर कोण?' मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी तो प्रश्न बरोबर असेल. तिथं एकदा जाऊन काम उरकतं. मनाच्या उपचाराचं तसं नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायलाच साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मग मात्रा कमी-जास्त करावी लागते. बोलून करायचा उपचार असेल तर आठवड्या-पंधरवड्यानं पाऊण तासाची बैठक, अशा कितीतरी बैठका. पहिल्या भेटीत तर बहुतेक लोक अर्धंच सांगतात. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बाहेर येतं. म्हणून माझ्या मते विचारायला हवं ते हे: मी चौथ्यांदा कुणाकडे जाऊ शकेन? पैशानं, अंतरानं आणि मनानंही. या कसोटीवर माणूस निवडला की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

आधी पाट्यांचा घोळ सोडवू. 'मानसोपचारतज्ज्ञ', 'मानसशास्त्रज्ञ', 'समुपदेशक' हे तिन्ही शब्द आपण एकच समजतो, पण त्यांची कामं वेगळी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचा, गरज पडल्यास दाखल करून घेण्याचा अधिकार त्याला असतो, आणि त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतो. तो मानसशास्त्रात एमए करून त्यावर रुग्णांसोबतच्या कामाचं, बराच काळ दोन वर्षांच्या एमफिलचं, प्रशिक्षण घेतलेला असतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते आणि ती नावानं तपासता येते. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, गोळ्या देत नाही. पीएचडी असेल तर नावाआधी 'डॉ.' लागतं, त्यामुळं पाटीवरचं 'डॉ.' पाहून अंदाज बांधू नका. खालची पदवी वाचा.

समुपदेशकाचं प्रकरण जास्त जपून हाताळायचं आहे. चांगला समुपदेशक नवरा-बायकोच्या तक्रारीत, परीक्षेच्या ताणात, जवळचं माणूस गेल्याच्या दुःखात फार मोलाचं काम करतो. पण या नावाची पाटी लावायला आपल्या देशात एकच एक ठरलेला परवाना नाही. समाजकार्यातली किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि अनुभव असलेली व्यक्ती समुपदेशक असते, आणि चार दिवसांचं शिबिर करून आलेलाही स्वतःला तेच म्हणवतो. म्हणून सरळ विचारा: 'तुमचं शिक्षण काय, कुठं झालं, अनुभव कुठं घेतला?' ज्यानं नीट शिकलेलं असतं त्याला हा प्रश्न टोचत नाही. आणखी एक. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी यांत मनोविकाराचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मान्यता दिली आहे. नुसती बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवी आणि पाटीवर 'मानसिक आजारांवर खात्रीशीर इलाज' असं असेल तर मात्र तिथून परत फिरा.

मग यातला कोण गाठायचा? झोप पूर्ण गेली आहे, कानात आवाज येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं, माणूस कधी अतोनात बोलतो आणि पैसे उधळतो तर कधी खाटेवरून उठत नाही, बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघत नाही, दारू सोडताना हात थरथरतात, तर आधी मानसोपचारतज्ज्ञच. इथं नुसत्या बोलण्यानं भागत नाही आणि उशीर महागात पडतो. धास्ती, सततची चिंता, मध्यम नैराश्य, एकच विचार पुन्हापुन्हा येणं, यांत गोळ्या आणि बोलणं दोन्हींचा उपयोग होतो. कुणापासूनही सुरुवात केली तरी चालते, फक्त त्या माणसानं गरज ओळखून दुसऱ्याकडे पाठवायला हवं. दुसऱ्याकडे पाठवण्याची तयारी हीच मला चांगल्या उपचारकाची सगळ्यात भरवशाची खूण वाटते. आणि नेहमीच्या डॉक्टरांना वगळू नका. थायरॉईड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, साखर यांच्यातल्या बिघाडानंही माणूस मरगळतो, घाबरा होतो. ती तपासणी उदगीरात होते, आणि तिचे कागद पहिल्या भेटीला सोबत असले की वेळही वाचतो.

कुठं शोधायचं

देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था म्हणजे बंगळूरच्या 'निम्हान्स'नं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं. आपल्या भागानं याची किंमत फार जवळून पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला. घरं पुन्हा उभी राहिली, पण त्या पहाटेनं माणसांच्या मनाचं काय केलं हे विचारणारे थोडे होते. डॉ. मोहन आगाशे त्यांतले एक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात त्यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला. आपण त्यांना नट म्हणून ओळखतो, पण ते मुळात मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते संचालक होते.

तरी उदगीरकरांना वाटतं तेवढं रिकामं मैदान नाही. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिन्ही ठिकाणी मनोविकारशास्त्र विभाग आहे आणि खर्च खासगीच्या मानानं नगण्य. सीमेपलीकडे बीदरलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर पथक असतं. उदगीरच्या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर नेमकं विचारा: 'मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते?' वार बदलत राहतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गावातल्या आशाताईंनाही विचारा. शेतकरी आत्महत्यांमुळं मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, तेव्हापासून घरातलं खचलेलं माणूस ओळखून पुढं पाठवणं हे त्यांच्या कामात धरलेलं आहे.

आणि घरबसल्या पहिलं पाऊल टाकायचं असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीसोबत उर्दू, कन्नड अशा इतर भाषांतही बोलता येतं. 'मला नेमकं कुणाकडे जायला हवं' एवढंच विचारायलाही तो फोन करावा.

ओळखीच्या गावातली अडचण

पुण्या-मुंबईचे सल्ले उदगीरला लागू पडत नाहीत ते याच ठिकाणी. इथं दवाखान्याच्या बाकावर बसलं की शेजारी मावसभावाचा साडू निघतो. कंपाउंडर शाळेतला वर्गमित्र असतो. चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलं की दुकानदार गोळीचं नाव वाचून वर बघतो. मुलीचं लग्न जमायचं आहे, मुलाला सोयरिक यायची आहे, आणि 'त्यांच्या घरात कुणीतरी डोक्याची गोळी खातं' एवढं वाक्य बाजारात फिरायला पुरे होतं. ही भीती खोटी नाही. तिला 'लोक काय म्हणतील याचा विचार करू नका' असं म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. लोकांत राहणाऱ्या माणसाला लोकांचा विचार करावाच लागतो.

म्हणून बरेच जण मुद्दाम लातूर, नांदेड किंवा थेट हैदराबाद गाठतात. तिथं कुणी ओळखत नाही. पण त्यात एक खोच आहे. पहिली भेट उत्साहात होते. दुसऱ्या वेळी सोयाबीनची काढणी असते, तिसऱ्या वेळी पोराची फी भरायची असते, आणि गोळ्या संपल्यावर तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणणं सुरू होतं. डॉक्टरला न भेटता महिनोन् महिने झोपेच्या, धास्तीच्या गोळ्या घेत राहणं धोक्याचं आहे, काहींची सवय लागते. उलट, बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करणंही तितकंच वाईट. तेव्हा लांबचा माणूस निवडण्यापूर्वी वर्षभराचा हिशेब घाला: महिन्यातून एकदा जायला भाडं किती, मजुरी किती बुडेल, सोबत कोण येईल. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, हे हिशेबात धरा. लातूरचा जाऊन-येऊन एक दिवस मोडतो, हैदराबादचे दोन.

मधला रस्ता असा काढता येतो. गोळ्यांसाठी लातूरचा मानसोपचारतज्ज्ञ, सुरुवातीला महिन्याला एक फेरी, बसल्यावर दोन-तीन महिन्यांना. बोलण्यासाठी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर भेटणारा मानसशास्त्रज्ञ, तो कुठल्याही शहरातला असू दे. टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली, तेव्हापासून फोनवरून डॉक्टरचा सल्ला घेणंही नियमात बसतं. मात्र आधी एक व्यवस्था करावी लागते. दोन खोल्यांच्या घरात बाई आपल्या नवऱ्याविषयी कुठं बसून बोलणार? बैठकीची वेळ ठरवण्याआधी जागा ठरवा: दुपारची गच्ची, मैत्रिणीचं घर, शेतातली रेंज येणारी बांधावरची जागा. कानात हेडफोन हवाच. 'मी सासरी आहे, कुणी आलं तर मी विषय बदलेन' असं उपचारकाला पहिल्याच वेळी सांगून ठेवा. चांगला उपचारक ते समजून घेतो.

गावातलाच माणूस निवडायचा असेल तर एक नियम पाळा. ज्याच्याशी आपला दुसरा कसला व्यवहार आहे त्याच्याकडे उपचाराला जाऊ नका. तो तुमच्या कॉलेजचा प्राध्यापक असेल, भावकीतला असेल, तुमच्या दुकानाचं गिऱ्हाईक असेल, तर माणूस कितीही भला असला तरी तुम्ही त्याच्यासमोर मोकळे होणार नाही. आणि भेटीत स्पष्ट विचारा: 'मी इथं येतो हे कुणाला कळेल?' तुमची माहिती गुप्त ठेवणं हा त्याच्या मर्जीचा भाग नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम २३ तुम्हाला तो हक्क देतं. त्याला मोजके अपवाद आहेत, जसं की तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं. ते अपवाद तो स्वतःहून समजावून सांगत असेल तर माणूस जाणकार आहे. गावातल्या दुसऱ्या रुग्णाचा किस्सा नाव न घेता का होईना तुम्हाला रंगवून सांगत असेल, तर उद्या तुमचाही किस्सा होणार हे समजा.

पहिल्या भेटीत काय पाहायचं

जाण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहा: त्रास कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त, झोप-भूक कशी, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. दारू, गुटखा, तंबाखू लपवू नका, गोळ्यांची निवड त्यावरही ठरते. सगळ्यात खाली एक ओळ लिहा: 'मला काय व्हायला हवं आहे?' 'पहाटे तीनला जाग येऊ नये', 'दुकानावर बसता यावं', 'आईवर ओरडणं थांबावं', असं साधं आणि तपासता येण्यासारखं. पुढं उपचार जुळतोय की नाही हे याच ओळीवरून मोजायचं आहे.

आत गेल्यावर भाषा ऐका. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होतं. इथल्या घरांत मराठी, दख्खनी उर्दू, कन्नड, गोरमाटी अशा भाषा नांदतात, आणि दुःख माणूस आपल्या घरच्या भाषेतच सांगतो. भालकीकडून लग्न होऊन आलेल्या आजीला मराठी येत असली तरी रडू कन्नडात येतं. तिच्यासाठी बीदरचा डॉक्टर लातूरच्या डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो. मराठीतसुद्धा आपल्याकडची बाई 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. ती म्हणते, 'जीव घाबरा होतोय', 'कशात मन लागंना', 'हातापायातलं बळ गेल्यावानी झालंय'. समोरचा माणूस यावर लगेच गोळीचं नाव लिहितो, की 'घाबरा म्हणजे कसं होतं, सांगा बरं' म्हणून थांबतो? थांबणारा निवडा. डॉ. आगाश्यांनी निर्मिती केलेला 'कासव' हा चित्रपट पाहिला नसेल तर पाहा. त्याला २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. जगणं नकोसं झालेल्या तरुणाला एक बाई घरी आणते आणि दिवसेंदिवस त्याला काहीही न विचारता त्याच्या गतीनं सावरू देते. ती डॉक्टर नाही, पण दुसऱ्याची गती सांभाळणं म्हणजे काय ते तिथं दिसतं.

सोबत आलेल्या नातेवाइकांचं काय करतो हेही पाहा. आपल्याकडे रुग्णासोबत सासू, नवरा, दीर असे तिघे आत शिरतात आणि तेच बोलायला लागतात. जाणता डॉक्टर घरच्यांचं ऐकून घेतो, पण नंतर त्यांना बाहेर बसवून रुग्णाशी एकट्यानं बोलतो. बाईसाठी हे फार महत्त्वाचं, कारण तिच्या त्रासाचं कारण कधीकधी त्याच खोलीत बसलेलं असतं. त्यानं तसं केलं नाही तर 'मला पाच मिनिटं एकटीनं बोलायचंय' एवढं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. बाई डॉक्टर हवी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

मग तुमचे प्रश्न. मला काय झालंय? गोळ्या लागतील का, किती महिने, त्रास काय होऊ शकतो? बोलून उपचार होणार असेल तर तो कसला? आपल्याकडे विचारांची तपासणी करणाऱ्या पद्धती बऱ्याच वापरल्या जातात. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली, आणि ठाण्याच्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती घरोघरी पोचवली, त्यामुळं मराठीत त्यावर वाचायलाही भरपूर आहे. पण पद्धतीच्या नावावर अडून बसू नका. कुठल्या पद्धतीनं उपचार झाला यापेक्षा रुग्णाचा आणि उपचारकाचा मेळ कसा होता, दोघांनी मिळून काय साधायचं ठरवलं होतं, याचा गुण येण्याशी मोठा संबंध असतो, असं संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे. शेवटी पैशाचं विचारा: फी किती, वेळ किती, पुढच्या भेटीला किती. गर्दीच्या ओपीडीत फेरतपासणीला दहा मिनिटंच मिळतात. ती गोळ्यांसाठी पुरतात. तेवढ्यात मन मोकळं झालं नाही म्हणून डॉक्टरवर रागावू नका, बोलण्यासाठी दुसरा माणूस शोधा.

काही गोष्टी मात्र एकदाही खपवून घेऊ नका. 'एकवीस दिवसांत शंभर टक्के बरा करतो' ही हमी. 'तुला काही झालं नाही, कामात मन गुंतव' असं झिडकारणं. जातीवरून, धर्मावरून, लग्न न करण्यावरून टोमणा. नको तो स्पर्श, दवाखान्याबाहेर एकट्यानं भेटायचा आग्रह. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ नका असा दम. मुलाला मुलगा आवडतो म्हणून तो 'दुरुस्त' करून देतो म्हणणारा, कारण समलैंगिकता हा आजार नाही हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असल्या 'उपचारा'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. व्यसनमुक्ती केंद्र असेल तर नोंदणी विचारा. बांधून, साखळीनं ठेवणाऱ्या जागेत कुणालाही सोडू नका, साखळीला २०१७ च्या कायद्यात स्पष्ट बंदी आहे. देवाधर्माला माझी हरकत नाही. देवदर्शनानं कुणाला धीर येत असेल तर जरूर जावं. पण 'गोळ्या बंद कर, मग गुण येईल' असं तिथं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका.

मुलांसाठी निवडताना

उदगीर, अहमदपूर, देवणीची शेकडो मुलं 'लातूर पॅटर्न'च्या मागं 'नीट'च्या क्लासला लातूरच्या खोल्यांत राहतात. फोनवर ती आईला 'बरं चाललंय' सांगतात. मार्क घसरले, जेवण सुटलं, फोन उचलणं बंद झालं, तर ओरडण्याआधी जाऊन भेटा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे निर्देश दिले, त्यानुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमायचा आहे, आणि हे निर्देश क्लासेसनाही लागू आहेत. प्रवेश घेतानाच विचारा: 'तुमचे समुपदेशक कोण, शिक्षण काय, कोणत्या वेळी भेटतात?' मात्र क्लासचा माणूस क्लासचाच पगार घेतो, हे लक्षात ठेवा. शिकवणीच सोडायची का, हा प्रश्न असेल तर बाहेरचा तटस्थ माणूस बरा. आणि निवडीत मुलाला सामील करा. दोन नावं त्याच्यासमोर ठेवा, त्यातलं कोणतं ते त्यालाच ठरवू द्या. ओढून नेलेलं पोर तिथं तोंड उघडत नाही.

निवडत बसायचं नाही अशी वेळ

माणूस मरणाची भाषा करतोय, निरवानिरवीचं बोलतोय, कागदपत्रं कुणाच्या तरी हवाली करतोय, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयात न्या, तिथं मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी. घरातली कीटकनाशकं, तणनाशकं आजच कुलपात घाला किंवा दुसऱ्याकडे ठेवा. शेतीच्या घरात हा एक उपाय जीव वाचवतो, कारण ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते आणि तेवढ्या वेळात हाताशी विष नसणं महत्त्वाचं असतं. 'मरायचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला किंवा शिक्षा नाही.

जुळलं नाही तर

तीन-चार भेटींनंतर तो पहिला कागद काढा. पहाटेची जाग एखाद्या तासानं का होईना पुढं सरकली का? आत जाताना जीव दडपतो की हलका होतो? न सांगितलेली एखादी गोष्ट आता सांगावीशी वाटते का? काहीच हललं नसेल तर आधी तसं त्याच माणसाला सांगा: 'मला फरक वाटत नाही, काय करू या?' कधी गोळी बदलते, कधी बोलण्याची दिशा बदलते आणि गाडी मार्गी लागते. यावर तो चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. बोलण्याच्या उपचारात मधेच दोन-चार दिवस जास्त रडू येणं, अस्वस्थ होणं घडतं. तेवढ्यावरून पळून जाऊ नका. पण भेटीआधी धास्ती आणि भेटीनंतर अपराधी वाटणं हेच नेहमीचं झालं असेल तर बदला. त्यात बेइमानी नाही, आधीच्या डॉक्टरचा अपमानही नाही.

बदलताना गोळ्या चालू ठेवा, नवा डॉक्टर भेटेपर्यंत एकही स्वतःहून थांबवू नका. जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड, सगळं एका पिशवीत घाला. आपल्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम २५ नं रुग्णाला दिला आहे. तेव्हा आधीच्या दवाखान्यात जाऊन झेरॉक्स मागून घ्या, आणि नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगा की तिथं काय लागू पडलं आणि काय पडलं नाही.